आधी व्यत्यय, मग शरीर: वायरलेस उपकरणांच्या नियमांची पार्श्वभूमी

वायरलेस उपकरणाच्या मागे बारीक अक्षरांत मान्यतेच्या खुणा छापलेल्या असतात. त्यांच्यामागे दोन वेगळ्या काळज्या आहेत: एका उपकरणाने दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणू नये आणि त्याच्या लहरींनी माणसाचं शरीर तापू नये. आज दोन्ही चाचण्या एकाच फाइलमध्ये येतात, म्हणून सगळे नियम आरोग्यासाठीच झाले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात आरोग्याचा विचार बराच उशिरा आला.

सुरुवात झाली जहाजांपासून. ठिणगी पाडून संदेश धाडणारे जुने ट्रान्समीटर फ्रिक्वेन्सीचा भलामोठा पट्टा व्यापत. शेजारची दोन केंद्रं एकदम सुरू झाली की कुणालाच धड ऐकू येत नसे. १९०६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि त्याच वर्षी अमेरिकेने ट्रान्समीटरला परवाना सक्तीचा केला. पुढे अगदी कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली, पण अट घालून: त्यांनी कुणाला व्यत्यय आणायचा नाही आणि स्वतःला झालेला निमूट सोसायचा. १९८५ मध्ये अमेरिकेने याच सवलतीची व्याप्ती वाढवली आणि वाय-फायची वाट मोकळी झाली.

शरीराचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धातल्या रडारने पुढे आणला. १९५३ मध्ये हर्मन श्वान या शास्त्रज्ञाने अमेरिकी नौदलाला चौरस मीटरला १०० वॅट ही मर्यादा सुचवली. शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकतं, एवढाच हिशेब त्यामागे होता. सोव्हिएत संघाची मर्यादा याच्या हजारपट कडक होती, कारण तिथे कामगारांच्या डोकेदुखीच्या आणि थकव्याच्या तक्रारीही जमेस धरल्या जात. हा मतभेद पुरता मिटला आहे असं आजही म्हणवत नाही.

पण अंगावर किती ऊर्जा पडते यापेक्षा आत किती शोषली जाते हे महत्त्वाचं, आणि ते शरीराचा आकार व तरंगलांबी यांवर ठरतं. म्हणून १९८२ च्या अमेरिकी मानकाने एसएआर, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे शोषली जाणारी शक्ती, हे माप पायाभूत धरलं. किलोला सुमारे ४ वॅट शोषले गेले की प्रयोगातले प्राणी शिकवलेलं काम सोडून देत. त्याचा दहावा भाग, ०.४ वॅट, ही संपूर्ण शरीराची मर्यादा ठरली. सामान्य लोकांसाठी नंतर ती आणखी पाचपट खाली आली. गंमत अशी, की १ गिगाहर्ट्झखालच्या, ७ वॅटपर्यंतच्या उपकरणांना १९८२ च्या मानकात सूट होती. सुरुवातीचे मोबाइल फोन त्याच फटीतून निसटले.

ती फट १९९६ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने बुजवली: फोनसाठी किलोला १.६ वॅट, पण संपूर्ण शरीरावर नव्हे, तर शरीराच्या एखाद्या भागात, सरासरी १ ग्रॅम ऊतीवर. १९९८ मध्ये इक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोक्यासाठी आणि धडासाठी २ वॅट सांगितले, पण सरासरी १० ग्रॅमवर. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कडक’ आणि ‘सैल’ ठरवणाऱ्या जाहिराती दिशाभूल करतात. १० ग्रॅमच्या सरासरीत लहानसा तप्त ठिपका विरून जातो, त्यामुळे दोन्ही मर्यादांतला खरा फरक १.६ आणि २ यांच्या फरकाहून बराच मोठा आहे.

६ गिगाहर्ट्झच्या वर ऊर्जा त्वचेच्या जवळच शोषली जाते, तिथे ग्रॅमचा हिशेब फारसा कामाचा नाही. म्हणून इक्निर्पने २०२० मध्ये या पट्ट्यासाठी पृष्ठभागावर शोषल्या जाणाऱ्या शक्तीची मर्यादा आणली: सामान्य लोकांसाठी चौरस मीटरला २० वॅट, ४ चौरस सेंटिमीटरवरच्या सरासरीने.