साबण हिरवा, फेस पांढरा

दाढीचा साबण हिरवा घ्या, निळा घ्या, नाहीतर चंदनाच्या नावाने विकला जाणारा तपकिरी घ्या. ओला ब्रश चार वेळा फिरवला की वाटीत वर येतो तो पांढराच फेस. पैसे रंगीत वडीचे मोजायचे आणि गालाला लावायचं पांढरं, हे पुणेकराला खरं तर खटकायला हवं. तरी पेठेतल्या कुठल्याही सलूनमध्ये विचारून बघा, साबणाच्या रंगावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. हिरवा थंड, निळा त्याहून थंड, पांढरा साधा, आणि पिवळा पडलेला म्हणजे जुना माल. यातलं शेवटचं मत थोडंफार खरं आहे. बाकीच्यांचं काय ते बघू.

आधी फेस. फेस म्हणजे हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांभोवती ताणलेले साबणपाण्याचे पातळ पापुद्रे. प्रकाश प्रत्येक पापुद्र्यावर थोडा परततो, थोडा वळून आत शिरतो, तिथे पुढचा पापुद्रा असतोच. अशा शेकडो ठेचा खाऊन तो बाहेर येतो तेव्हा त्याची मूळ दिशा पुसली गेलेली असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. दाढीच्या फेसातला बुडबुडा त्याच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे निळा, हिरवा, तांबडा असा भेद न होता सगळे रंग सारखेच विखुरतात आणि एकत्र मिळून पांढरे दिसतात. रसवंतीतल्या ग्लासात रस हिरवट आणि वरचा फेस पांढरा दिसतो, तो याच कारणाने.

मग साबणाचा रंग जातो कुठे? जात कुठेच नाही, तो मुळातच अगदी कमी असतो. वडीत रंगद्रव्य सहसा ०.१ टक्क्याहूनही कमी. एका दाढीला फार तर ग्रॅमभर साबण लागतो, म्हणजे रंग एक मिलिग्रॅमच्याही आत. त्यात पाणी मिसळलं, हवा मिसळली, की पापुद्र्यात रंगाचा अंश नावापुरता उरतो. मात्र फेस कायम पांढराच राहील अशी काही निसर्गाची हमी नाही. रंगपंचमीच्या दुपारी डोक्याला साबण लावला की फेस चक्क गुलाबी होतो, कारण तिथे रंगाचं प्रमाण भरपूर असतं. दाढीचा उरलेला फेस वाटीत तासभर तसाच ठेवून बघा. बुडबुडे फुटून तळाशी जे पाणी साचतं, त्यात कधीकधी फिकट हिरवी झाक दिसते.

डब्यातून येणाऱ्या शेव्हिंग जेलमध्ये हा बदल तळहातावर बघायला मिळतो. जेल बाहेर येतं तेव्हा निळंशार आणि जवळपास पारदर्शक असतं, कारण त्यात बुडबुडे नसतात. त्यात आयसोपेंटेन असतं, आणि ते २८ अंशांच्या आसपास उकळतं. हाताच्या उबेने त्याची वाफ होते, जेल आतून फुगतं आणि बघता बघता पांढरं पडतं. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे, गार बाथरूममध्ये, हेच जेल फुगायला कुरकुर करतं.

साबणाला रंग देणं हे दिसतं तितकं सोपं नाही. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० असतो, आणि या अल्कलीत पुष्कळ रंग टिकत नाहीत. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लालसर होतं, आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर उभी आहे. त्यामुळे हळद घालून पिवळाधमक दाढीचा साबण करायला निघालात, तर हाती केशरी-तपकिरी वडी येण्याची शक्यता जास्त. कारखानदार म्हणून अल्कलीला दाद न देणारे रंग वापरतात. वेष्टनावर सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांच्या यादीतला क्रमांक) ७४२६० असा आकडा दिसला तर तो थॅलोसायनिन हिरवा, तांब्याचा अणू पोटात धरलेला अतिशय चिवट रंग. छपाईच्या शाईतही तोच असतो. सीआय ७७८९१ म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. पांढऱ्या वडीला आणखी पांढरं करायला तो घालतात! क्रीमवर मोत्यासारखी चमक दिसते ती मात्र रंगाची नसते, स्टिअरिक आम्ल या चरबीतल्या आम्लाच्या बारीक स्फटिकांची असते.

हनुवटीवर रंगाला काम नसलं तरी नाकावर त्याचा अंमल चालतो. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्डो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वास नसलेल्या रंगाने लाल केलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. ही शिकणारी मंडळी होती, तर सकाळी अर्धवट झोपेत ब्रश फिरवणाऱ्या आपली काय कथा. हिरव्या वडीला लिंबाचा वास जास्त येतो तो असा. थंडाव्याची गोष्ट मात्र वेगळी, तो खरा असतो, पण तो मेन्थॉलचा. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं, गारव्याची वर्दी देणारं. मेन्थॉल त्यालाच जागं करतं. हे प्रथिन शोधणाऱ्यांत असलेले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेन्थॉलचे स्फटिक स्वतः बिनरंगी असतात. त्यांना निळं ठरवलं ते विक्रेत्यांनी.

आता ते पिवळ्याचं. विकत घेताना पांढरी असलेली वडी काही महिन्यांनी तपकिरी झाली, तर आधी वास घ्या. सुगंधात व्हॅनिलिन असेल तर ते हवेने आणि अल्कलीने सगळीकडून सारखंच तपकिरी होतं. व्हॅनिला, चंदन अशा गोड वासांच्या साबणात हे नेहमीचं, त्याने काही बिघडत नाही. पण केशरी ठिपके उमटले असतील आणि जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येत असेल, तर आतली उरलीसुरली चरबी हवेने बिघडली आहे. अशी वडी टाकून द्यावी. त्वचेला खाज सुटली तर लोक आधी रंगाला दोष देतात, पण साबणाने अ‍ॅलर्जी होण्यामागे रंगापेक्षा सुगंधी द्रव्यंच अधिक वेळा सापडतात.

आणि फेसच होत नसेल तर साबण बदलण्याआधी पाणी बघा. चांगल्या दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार असतात; पोटॅशियममुळे तो झटकन विरघळतो, सोडियममुळे वडी टणक राहते. खडकवासल्याच्या पाण्यात तो छान फुलतो. उपनगरातल्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्टिअरिक आम्लाला पकडतं आणि न विरघळणारा चिकट साका होतो. ब्रशच्या मुळाशी, वाटीच्या कडेला राखट थर बसतो तो हाच. वेष्टनावर ईडीटीए लिहिलेलं असेल तर थोडा दिलासा, ते हे क्षार बांधून ठेवतं. खात्री करून घ्यायची असेल तर स्वयंपाकघरातल्या आरओचं वाटीभर पाणी कोमट करून तोच ब्रश, तीच वडी त्यात वापरून बघा.