पितळेची पत्ती की फॉस्फर ब्रॉन्झची? सॉकेटमधल्या दोन पिवळ्या स्प्रिंगा

सॉकेटचं झाकण काढलं की आत टॉपची पिन दाबून धरणारी पिवळी पत्ती दिसते आणि पिवळी दिसली की आपण सगळे तिला पितळ म्हणून मोकळे होतो. पण त्या पिवळ्या पत्त्यांत दोन वेगळे धातू असू शकतात, एक पितळ आणि दुसरा फॉस्फर ब्रॉन्झ. साधा, स्वस्त, पण टिकणारा सॉकेट डिझाइन करायला बसलं की पहिला वाद इथेच सुरू होतो, कारण दोघांचा भाव वेगळा, स्वभाव वेगळा आणि आपल्या कोकणच्या खाऱ्या दमट हवेत दोघांचं पुढे जे होतं तेही वेगळं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पत्तीसाठी साधारण ६३ टक्के तांबं नाहीतर ७० टक्के. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये जस्ताच्या जागी कथील असतं, पाचसहा टक्के, आणि अगदी चिमूटभर फॉस्फरस. कथील महाग त्यामुळे हा धातूही महाग, आणि स्वस्त सॉकेट बनवणारा आधी पितळेकडेच वळतो, त्यात चूक काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की पितळेला कुठलं काम द्यायचं.

दुकानात काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये. गिऱ्हाईक विचारतं, "काका, टिकेल ना हा?" आणि काका थ्री पिन टॉप घालून, ओढून दाखवतात, "बघ बाबा, किती घट्ट आहे, पितळ आहे आत." काका खोटं बोलत नसतात. पण नव्या सॉकेटचा घट्टपणा हाताला कळून काही उपयोग नाही, कारण नवीन असताना दोन्ही धातू जवळपास सारखेच घट्ट लागतात. वाकवताना धातू जो विरोध करतो तो दोघांचा जवळजवळ एकच आहे, साधारण ११० गिगापास्कल. सारख्या मापाच्या दोन पत्त्या केल्या, एक पितळेची आणि एक ब्रॉन्झची, आणि दोन्हीत तीच पिन घातली तर पहिल्या दिवशी पिनेवर दाब तोच येणार. फरक आहे तो किती वाकवल्यावर पत्ती परत जागेवर येत नाही ह्यात, आणि गरम राहिल्यावर ती किती नमते ह्यात.

आता वीज वाहण्याचं बघू, कारण पितळवाल्यांचा पहिला मुद्दा हाच असतो आणि तो बरोबर आहे. शुद्ध तांबं १०० धरलं तर पितळ २७ च्या आसपास वाहतं आणि फॉस्फर ब्रॉन्झ जेमतेम १५. म्हणजे पितळ जवळपास दुप्पट चांगलं. पण हिशोब करून बघा. ६ मिलिमीटर रुंद, ०.६ जाड, २५ लांब अशी पत्ती घेतली तर पितळेचा रेझिस्टन्स अर्ध्या मिलिओहमपेक्षा कमी येतो आणि ब्रॉन्झचा ०.८ च्या आसपास. १६ अँपिअर सोडले तरी पितळेत ०.११ वॅट आणि ब्रॉन्झमध्ये ०.२ वॅट उष्णता होईल, दोन्ही किरकोळ. खरी उष्णता होते पिन आणि पत्ती जिथे टेकतात तिथे. डोळ्याला वाटतं की पिन सगळी पत्तीला चिकटलीय, पण प्रत्यक्षात ती काही बारीक ठिपक्यांवरच टेकलेली असते आणि त्या ठिपक्यांचा आकार ठरतो दाबावर. दाब कमी झाला, वर काळपट थर बसला आणि तिथला रेझिस्टन्स १० मिलिओहमवर गेला की त्याच १६ अँपिअरला अडीच वॅट एका ठिपक्याएवढ्या जागेत. म्हणून मला पत्ती किती चांगली वाहते ह्यापेक्षा ती दहा वर्षांनी किती दाबते हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि पितळेचं दुखणं नेमकं इथेच आहे. हाफ-हार्ड, म्हणजे अर्धवट कडक केलेल्या पितळेची पत्ती साधारण ३०० मेगापास्कलच्या (हे ताणाचं माप) आसपास ताण आला की कायमची वाकते, कडक फॉस्फर ब्रॉन्झ ५०० च्या वर गेल्याशिवाय दाद देत नाही. आता आपल्या घरातला ६ अँपिअरचा सॉकेट घ्या. इस्त्रीच्या टॉपची पिन ५.१ मिलिमीटरची, आणि त्याच भोकात आपण मोबाईलचा टू पिन चार्जर घालतो त्याची पिन ४ ची. चार्जर पडू नये म्हणून पत्ती ४ च्या पिनेलाही ०.३ मिलिमीटर वाकली पाहिजे असं धरू, मग ५.१ ची पिन घातल्यावर समोरासमोरच्या दोन्ही पत्त्या आणखी ०.५५ ने उघडणार, म्हणजे एकूण ०.८५. पत्ती १५ लांब आणि ०.६ जाड असेल तर मुळाशी ताण येतो ३७० च्या वर. ब्रॉन्झ हे सहज झेलतो. पितळ पहिल्याच दिवशी थोडं उघडं पडतं. इस्त्री लावून काढली की नंतर चार्जर लोंबकळायला लागतो आणि नुसता हात लागला तरी बंद-चालू होतो, ते ह्याचमुळे. चार्जरचा दोष नसतो बऱ्याचदा.

इथे लोक जो उपाय करतात तो उलटा पडतो. पत्ती जाड करा म्हणतात. जाडी दुप्पट केली की दाब आठपट होतो हे खरं, टॉप असा घट्ट बसतो की गिऱ्हाईक खूश, पण तेवढंच उघडताना ताणही दुप्पट होतो आणि पितळ आणखी लवकर नमतं. लांबी वाढवली तर मात्र फायदा होतो, कारण लांबी दुप्पट केली की ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. फक्त दाबही आठव्या हिश्श्यावर येतो, मग तो रुंदी वाढवून थोडा भरून काढायचा. म्हणजे नुसत्या पितळेवर भागवायचं असेल तर पत्ती पातळ-जाड करत बसण्यापेक्षा लांब आणि रुंद करा, सॉकेटची बॉडी थोडी खोल करा. स्वस्तात हेच सगळ्यात प्रामाणिक डिझाइन आहे असं मला वाटतं, आणि तरी बरेच जण खोली वाचवायला जातात, कारण बॉडीचं मटेरियल डोळ्याला दिसतं आणि पत्तीचा ताण दिसत नाही.

मग येते उष्णता. कॉन्टॅक्ट आणि टर्मिनल किती तापलेलं चालेल ह्याची प्लग-सॉकेटच्या स्टँडर्डमध्ये मर्यादा आहे, बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंश जास्त. मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीत ३५ अंश सहज असतात, ३५ आणि ४५ मिळून ८०. आणि पितळ ताणाखाली ढिलं पडायला लागतं ते साधारण ७५-८० अंशांपासूनच, म्हणजे पितळेची पत्ती नियमात राहूनही काठावर उभी. फॉस्फर ब्रॉन्झ १०० अंशांच्या आसपासपर्यंत आपला दाब बऱ्यापैकी राखून असतो. एकदा दाब कमी झाला की रेझिस्टन्स वाढतो, त्याने ती जास्त तापते, तापली की आणखी नमते, आणि मग प्लास्टिक पिवळं, तपकिरी, काळं होत जातं. न्हाणीघराजवळचा गिझरचा सॉकेट बघा, २००० वॅटचा गिझर म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, तासभर सलग. टॉपची एकच पिन काळी झालेली असते, दुसरी अजून चकचकीत. एका बाजूची पत्ती आधी नमलेली असते, एवढंच.

कोकणाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतोय, कारण मोठ्या शहरात बसून डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात हा येत नाही. ताणाखाली असलेलं पितळ, ओलावा आणि अमोनिया हे तीन एकत्र आले की पितळेला आपोआप तडे जातात, गंज न दिसता, सरळ चिरा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात असेच तडे जायचे, कारण दारूगोळा तबेल्यांजवळ ठेवलेला असायचा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत. आता आपल्याकडे बघा, गोठ्यात लावलेला बल्बचा आणि कडबा कुट्टीचा सॉकेट, बंदरावर मासळीच्या शेडमधला सॉकेट, आणि बर्फाचा कारखाना, जिथे थंड करायला अमोनियाच वापरतात. वर चार महिने पाऊस. आणि टॉप कायमचा घातलेला असेल तर पत्ती चोवीस तास ताणाखाली. अशा जागी पितळेची स्प्रिंग पत्ती मी देणारच नाही, फॉस्फर ब्रॉन्झला हा त्रास पितळेच्या मानाने फारच कमी आहे. घरच्या पडवीत किंवा माजघरात हा धोका बराच कमी, तिथे एवढा बाऊ करायची गरज नाही.

आता तिसरा रस्ता, जो बऱ्याच सॉकेटांमध्ये आधीपासून आहे. काम वाटून द्या. वीज पितळेने वाहायची आणि दाबायचं काम स्टीलच्या क्लिपने करायचं, पितळेची नळी किंवा दोन पत्त्या आणि त्यांना बाहेरून आवळून धरणारी स्टीलची रिंग. स्टील वीज वाहायला अगदी वाईट, पण त्याला वाहायचं नाहीच आहे, आणि ८० अंशांना ते ढिम्म हलत नाही. पितळ नमलं तरी मागून रिंग ढकलत राहते. फक्त साध्या स्टीलच्या तारेची रिंग इकडे चालत नाही, खाऱ्या हवेत ती गंजते, एक दिवस तुटते आणि झाकणाआड असल्याने कुणाला कळतही नाही. स्टेनलेसची पट्टी घ्या. ह्यातला खर्च मटेरियलचा कमी आणि हाताचा जास्त आहे, एक पार्ट वाढला, तो कुणीतरी बसवायचा, प्रत्येक सॉकेटला तीनदा. छोट्या युनिटमध्ये जिथे बायका हातानेच असेंब्ली करतात तिथे हे परवडतं, मोठ्या ऑटोमॅटिक लाइनवर कदाचित ब्रॉन्झची एकच पत्ती स्वस्त पडेल.

ब्रॉन्झच घ्यायचा ठरलं तर सगळा कॉन्टॅक्ट ब्रॉन्झचा करू नका. स्क्रूचा टर्मिनल पितळेचा ठेवा आणि त्याला ब्रॉन्झची छोटी पत्ती रिव्हेट करा, महाग धातू फक्त वाकतो तेवढ्याच भागात. आणि प्रेसवाल्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवा: कडक ब्रॉन्झची पट्टी रोल झालेल्या दिशेला आडवी घडी घालायची, घडीची रेघ रोलिंगच्या रेषांना काटकोनात. पट्टीवर बारीक लांब रेषा दिसतात त्यावरून दिशा कळते. घडी त्या रेषांना समांतर घातली तर बाहेरच्या अंगाला केसासारखी चीर पडते, प्लेटिंगखाली झाकली जाते आणि सहा महिन्यांनी पत्ती हातात येते. मटेरियल वाचवायला डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) ब्लँक, म्हणजे पत्तीचा कापायचा तुकडा, फिरवून लावतात तेव्हा हे हमखास होतं.

पत्तीच्या मागे बॉडीतच प्लास्टिकची एक भिंत ठेवा, पिन पूर्ण गेल्यावर पत्ती आणि भिंतीत जेमतेम फट राहील अशी. कुणी वाकडी पिन घुसवली, टॉपला लटकून वायर ओढली, किंवा टॉप नाही म्हणून नुसत्या वायरी काडीने खुपसल्या (कृपया असं करू नका, गणपतीत मखराच्या लायटिंगला हे सर्रास होतं), तरी पत्ती तिथे अडते आणि मर्यादेबाहेर उघडत नाही. हिला खर्च शून्य आहे, साचा बनवतानाच टाकायची. पितळ असो की ब्रॉन्झ, ह्या भिंतीशिवाय मी सॉकेट पास करणार नाही.

अर्थिंगच्या पत्तीला मात्र पितळ बिनदिक्कत वापरा. तिच्यातून एरवी करंट जात नाही त्यामुळे ती तापत नाही, आणि तिच्यात एकाच जाडीची पिन जाते, ६ अँपिअरच्या टॉपला साधारण ७ मिलिमीटरची. गोठा आणि बर्फाचा कारखाना तेवढा सोडून.

हातात पत्ती आली तर ओळखायची कशी? आधी लोहचुंबक लावा. चिकटली तर दोन्ही नाही, पिवळा मुलामा दिलेलं लोखंड आहे, ते सरळ बाजूला टाका. नाही चिकटली तर कानशीने थोडं घासा, पितळ हिरवट पिवळं दिसतं आणि ब्रॉन्झ तांबूस. प्लेटिंग असेल तर रंगाचा भरवसा नाही, मग पत्तीची एक पातळ पट्टी कापून ५ मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्याभोवती अंगठ्याने गुंडाळायची आणि सोडायची. कडक ब्रॉन्झ लगेच जास्त उलगडतो. पितळ त्या मानाने कमी उलगडतं.

आणि तयार सॉकेट तपासायचा असेल तर पत्ती काढायचीही गरज नाही. बोर्डावर न लावलेला, वायर न जोडलेला सॉकेट घ्या, ५.१ ची पिन असलेला टॉप त्यात घालून ८० अंशांच्या भट्टीत आठवडाभर ठेवा. मग थंड करून टॉप काढा, ४ मिलिमीटरची एक गुळगुळीत सुटी पिन त्याच भोकात घाला आणि सॉकेट उलटा धरा. पिन स्वतःच्या वजनाने खाली आली तर ती पत्ती संपली, मग ती पितळेची असो वा ब्रॉन्झची.