प्लॅस्टिकची टाकी गळतेय, पण नेमकी कुठून?

गाडीखाली पेट्रोल ठिबकलं की टाकी फुटली असं वाटतं. बहुतेकदा टाकी धड असते. एचडीपीई (दाट पॉलिथिन) हे प्लॅस्टिक साच्यात फुगवून ती एकसंध घडवलेली असते. गळतं ते तिला जिथे काही जोडलेलं असतं तिथे: पंपाचं सील, भरण्याच्या नळीचा क्लॅम्प, ब्रीदर पाइप, म्हणजे टाकीतली हवा आत-बाहेर जाण्याची नळी. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल आणि थोडं पेट्रोल संपल्यावर थांबत असेल, तर आधी वरचं पंपाचं सील बघा.

थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. पेट्रोल टाकी बांधलेल्या पट्ट्यावरून ओघळत दूर जातं. टाकी धुऊन कोरडी करा आणि खडूची पूड भुरभुरा. ओलसर रेघ उमटेल. तिचं सर्वांत वरचं टोक शोधा.

पंपाच्या सीलचं जुनं ओ-रिंग (गोल रबरी कडं) पेट्रोलमध्ये फुगलेलं असतं. एकदा काढलं की ते खाचेत परत नीट बसत नाही, पंप धरून ठेवणारी रिंग आवळताना चिमटतं आणि गळती वाढते. नवंच टाका. सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते फुगून सुटतं.

काढलेल्या टाकीत हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासता येतं, पण दाब ०.१ बारच्या वर नको. ६० बाय ५० सेंटिमीटरच्या बाजूवर एवढ्यानेही सुमारे ३०० किलोचा रेटा येतो!

खरीच चीर असेल, बहुधा साच्याच्या शिवणीवर किंवा दगड लागलेल्या जागी, तर एपॉक्सीवर भिस्त ठेवू नका. या प्लॅस्टिकला जवळपास काहीच चिकटत नाही. गॅरेजपर्यंत पोचायला कपडे धुण्याची वडी चिरेवर घासून दाबून बसवा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही.

पक्का इलाज म्हणजे एचडीपीईच्याच कांडीने गरम हवेचं वेल्डिंग. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग व्ही आकाराची खाच कोरून ती भरतात. अडचण अशी की प्लॅस्टिकने पेट्रोल शोषलेलं असतं. टाकी धुऊन कित्येक दिवस हवेशीर ठेवली तरी भिंतीतून वाफ येतच राहते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. हवेत १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. हे काम सराईत माणसाकडेच द्या. चीर पंपाच्या तोंडाशी गेली असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत न पडता टाकी बदला.