जुन्या संगणकासाठी हलकी प्रणाली: होकार देण्याआधी वाचा

संगणक जुना होऊन रखडू लागला की खापर प्रोसेसरवर फुटते. प्रत्यक्षात प्रोसेसर पूर्वीइतकाच वेगवान असतो, त्याच्यावरचे ओझे तेवढे वाढलेले असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. या दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या यंत्रांवर डेबियन लिनक्स या मोफत प्रणालीची किमान आवृत्ती बसवावी, असा आमचा प्रस्ताव आहे.

किमान म्हणजे काय, तर कर्नल (प्रणालीचा मूळ भाग), नेटवर्क, आवाज, आइसडब्ल्यूएम हा खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, फाइल मॅनेजर, साधा एडिटर, पीडीएफ वाचक आणि ब्राउझर. फायलींची सतत सूची करणारा शोध, खिडक्यांची हलती चित्रे आणि ब्लूटूथची सेवा आम्ही वगळतो. छपाईची व्यवस्था मागितली तरच बसते, म्हणून प्रिंटर असेल तर आधी सांगा. देवनागरी फॉन्ट मात्र आम्ही कधीच काढत नाही. बऱ्याच हलक्या आवृत्त्या तिथेच हात आखडतात आणि मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी कीबोर्डच्या मूळ यादीतच असते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवून रॅम अडवावी लागत नाही.

रॅम वाचते, पण कुणासाठी?

अशी प्रणाली रिकामी चालताना साधारण २०० एमबी रॅम घेते. मोठे, सजवलेले डेस्कटॉप १ जीबीच्या आसपास घेतात. फरक खरा आहे, पण वाचलेली रॅम ब्राउझरच खातो. एखादे जड संकेतस्थळ एका टॅबमध्ये ३०० एमबी सहज अडवते, आणि ते आमच्या हातात नाही. म्हणून स्पष्ट सांगतो: १ जीबीवर लेखन, हिशेब, पीडीएफ आणि एखाददुसरा टॅब चालेल. २ जीबीवर चार-पाच टॅब उघडता येतील. ४ जीबी असेल तर रोजच्या कामात अडचण येऊ नये. ५१२ एमबीच्या यंत्रावर ब्राउझरचा आग्रह धरू नका.

रॅम कमी पडल्याची खूण डोळ्यांना दिसते. डिस्कचा दिवा लुकलुकायचे सोडून सलग पेटलेला राहतो आणि माउसचा बाण अडखळतो. प्रणाली तेव्हा रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवत असते. यावर आम्ही झेडरॅम लावतो. त्यात तोच मजकूर दाबून रॅममध्येच ठेवला जातो, डिस्कपर्यंत जावे लागत नाही. आकार एकूण रॅमच्या निम्मा ठेवतो. दाबण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते, त्यामुळे एकाच गाभ्याच्या (कोअरच्या) प्रोसेसरवर एलझेड४ ही दाबण्याची हलकी पद्धत आणि दोन गाभे असतील तर झेडएसटीडी ही जास्त दाबणारी पद्धत वापरतो.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच जोडणीला बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या. फिरत्या डिस्कच्या जागी ती बसली की पडणारा फरक कोणत्याही हलक्या प्रणालीपेक्षा मोठा असतो.

३२-बिट की ६४-बिट

हा आकडा प्रोसेसर एका वेळी किती बिट हाताळतो ते सांगतो. पूर्वी कमी रॅमसाठी ३२-बिट प्रणाली सुचवली जाई. आता तसे करू नका. फायरफॉक्सने ३२-बिट लिनक्सचा आधार १४४ व्या आवृत्तीनंतर थांबवला आहे, क्रोमने तर २०१६ मध्येच थांबवला. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. प्रोसेसर ६४-बिट असेल तर १ जीबीवरही आम्ही ६४-बिटच बसवतो. नावांत फसगत होते: इंटेल कोअर २ ड्युओ ६४-बिट आहे, तर नुसता कोअर ड्युओ ३२-बिट. ॲटम एन२७० हा ३२-बिट, एन४५० हा ६४-बिट. खऱ्या ३२-बिट यंत्रावर डेबियन १२ बसते, पण ते यंत्र लेखन, गाणी, फायलींची साठवण अशा कामांनाच ठेवा. बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

बसवण्याआधी आणि बसवताना

आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मग डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासा. खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कच्या छोट्या तुकड्यांचा) आकडा शून्यावरून वाढत चालला असेल, तर त्या डिस्कवर काहीच बसवू नये. रॅमची चाचणी मेमटेस्ट या प्रोग्रॅमने निदान एक फेरी पूर्ण होईपर्यंत चालवा.

किमान ४ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. उतरवलेल्या आयएसओची (प्रणाली बसवायच्या फाइलची) शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा आकडा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा आणि ती फाइल प्रतिमा-लेखक प्रोग्रॅमनेच पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी केली तर यंत्र त्यावरून सुरू होत नाही. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. आधी लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवून पाहा: वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणे, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा हेच बिघडते. जुन्या बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) यंत्रावर डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या पद्धतीची ठेवा, कारण त्यातले काही बायोस जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवरून सुरू व्हायला नकार देतात. प्रणालीला २० जीबी पुरतात, स्वॅपला, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवायच्या जागेला, २ जीबी.

विंडोज शेजारी ठेवायची असेल तर तिचे ‘जलद प्रारंभ’ बंद करा. नाहीतर तिचा विभाग अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही.

हमखास येणाऱ्या तक्रारी

*प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ दिसते.* घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की यंत्र बंद करून वीज तोडताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझरला सुरक्षा प्रमाणपत्रे अजून लागूच न झालेली वाटतात. नाण्याएवढा सेल बदलला की काम झाले. प्रणाली पुन्हा बसवण्याची गरज नसते.

*वायफाय दिसत नाही.* जुन्या ब्रॉडकॉम वायफाय चिपचे फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) डेबियनला सोबत वाटता येत नाही, ते नंतर नेटवरून उतरवावे लागते. तेवढ्यापुरती नेटवर्कची वायर जोडा.

*व्हिडिओ अडखळतो.* संकेतस्थळे व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवतात आणि जुन्या ग्राफिक्सला तो उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ ही जुनी पद्धतच मागणारे एक्स्टेंशन ब्राउझरला लावा आणि दर्जा ४८०पी ठेवा.

*अर्ध्या तासाने यंत्र मंदावते.* हे सॉफ्टवेअरचे नाही. पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. पंखा साफ करा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) खरवडून नवी लावा.

अपडेट आपोआप होत नाहीत, चालू कामात डिस्क अडू नये म्हणून आम्ही ते मुद्दाम बंद ठेवतो. महिन्यातून दोनदा, यंत्र मोकळे असताना, मेनूतील ‘अपडेट’ चालवा. चौकशीला येताना मॉडेल, रॅम आणि प्रिंटरचे नाव लिहून आणा. लॅपटॉप असेल तर चार्जरही सोबत हवा, कारण मेलेल्या बॅटरीवर बायोस अपडेट करता येत नाही.