डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट

एखाद्या प्रोग्रामला लागणारी दोन पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे, तिसऱ्याच एका पॅकेजची परस्परांशी न जुळणारी व्हर्जन मागू लागली, की त्या पेचाला डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट म्हणतात. ‘अवलंबित्वाचा संघर्ष’ असा मराठी शब्द करता येईल. पण नागपुरात, कॉलेजच्या लॅबमध्ये काय किंवा परसोडीच्या आयटी पार्कात काय, लोक ‘व्हर्जन जुळत नाहीये’ एवढेच म्हणतात.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हा पेच फार जाणवतो, कारण तिथे एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजेस इन्स्टॉल होतात त्या जागेत, एका पॅकेजचे एकच व्हर्जन राहू शकते. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचे २.० व्हर्जन आले आणि आधीच्या नमपायवर कंपाइल झालेली मॉड्यूल त्यावर चालेनात. जुन्या पॅकेजला २ च्या खालचे नमपाय हवे, नव्याला २ किंवा त्यावरचे. दोन्ही अटी पाळणारा आकडाच नाही. जावास्क्रिप्ट भाषेची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएममध्ये एकाच पॅकेजची दोन व्हर्जन वेगवेगळ्या फोल्डरांत नांदू शकतात, त्यामुळे तिथे तंटे वेगळे असतात.

व्हर्जनचे तीन आकडे हा एक संकेत आहे: पहिला बदलला तर जुने मोडू शकते, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा म्हणजे दुरुस्ती. तो पाळायची सक्ती कोणावर नाही. लेखकाला किरकोळ वाटलेली दुरुस्ती दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम पाडते. शिवाय सगळ्या अटी पाळणारा संच शोधणे हा गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे तो दरवेळी झटपट सोडवणारी रीत कोणाला माहीत नाही. २०२० च्या अखेरीस पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला, नवा रिझॉल्व्हर (जुळणारी व्हर्जन शोधणारा भाग) मिळाला, तोवर पिप न जुळणारी व्हर्जनही इन्स्टॉल करून टाकत असे. नंतर ते नकार देऊ लागले. अनेकांना वाटले पिप बिघडले. खरे तर आधीपासूनचा बिघाड आता दिसू लागला होता.

नागपूरच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला हा पेच बहुधा फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये भेटतो. सीनियरचा कोड मिळालेला असतो, सोबत रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीची, फाइल. फाइलमध्ये बारा नावे आणि एकाही नावापुढे आकडा नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या दिवशी ती चालली, त्या दिवशीची व्हर्जन कोणती होती हे फाइल सांगत नाही. आज ती आजची व्हर्जन आणते आणि स्क्रीन लाल अक्षरांनी भरते. सबमिशन उद्यावर आलेले असते. मग मोबाइलने शेवटच्या दोन ओळींचा फोटो काढून तो त्या पॅकेजच्या इश्यूमध्ये, म्हणजे ऑनलाइन तक्रारींच्या पानावर, टाकला जातो: ‘एरर येत आहे, अर्जंट मदत करा.’ उत्तर येते: पूर्ण ट्रेसबॅक (एररचा सगळा मजकूर) द्या, व्हर्जन सांगा. किंवा उत्तर न येता इश्यू बंद होतो.

दोन्ही बाजू इथे दुखावतात, आणि त्याचे मूळ उद्धटपणापेक्षा दोघांमधल्या अंतरात जास्त आहे. हॉस्टेलवर ‘दादा, हे काऊन नाही चालत?’ म्हटले की दादा शेजारी बसतो, स्क्रीन वर सरकवतो, कोणते पायथन आहे ते एका नजरेत पाहतो. दूरच्या मेन्टेनरला, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याला, यातले काहीच दिसत नाही. दादाने पाहिले असते ते सगळे लिहून द्यावे लागते. काटोल-उमरेडकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ हे इंग्रजीतले तुटक वाक्य ‘चालता हो’ असे ऐकू येते. मला ही तक्रार रास्त वाटते.

पण पलीकडे बसलेला माणूस बहुधा बिनपगारी असतो. लायसन्समध्ये ‘जसे आहे तसे, हमीशिवाय’ असे लिहिलेलेच असते. मागणीच्या दबावाने काय होऊ शकते हे एक्सझेड प्रकरणात दिसले. ही डेटा आकसून ठेवणारी लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रणांत असते, आणि तिचा भार बराच काळ एकाच माणसावर होता. २०२२ मध्ये ‘काम किती संथ चाललंय’ असे काही ऑनलाइन खात्यांवरून त्याला वारंवार सुनावले गेले. त्याने स्वतःच्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या होत्या. मदतीला आलेल्या नव्या सहमेन्टेनरने पुढे ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरता येईल असा कोड, घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनीअरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले, म्हणून तो सापडला. ती तक्रार करणारी खाती त्याच डावाचा भाग असावीत, असे मानले जाते.

पेच सोडवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसची स्वतंत्र जागा. डेबियन या लिनक्स यंत्रणेत व्हर्जन १२ पासून यंत्रणेच्या पायथनमध्ये पिप थेट काही घालू देत नाही. त्यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय बरेच जण सुचवतात. तो काय करू शकतो हे त्याच्या नावातच लिहिले आहे, म्हणून नवशिक्याने तो टाळावा. सीनियर पास होऊन पुण्याला गेलेला असला, तरी त्याच्या लॅपटॉपवर जुने एन्व्हायर्नमेंट अनेकदा शिल्लक असते. त्याला फोन करून दोनच गोष्टी मागाव्या: पिप फ्रीझ या कमांडने निघणारी यादी, जिच्यात प्रत्येक नावापुढे आकडा असतो, आणि पायथनचे व्हर्जन.