घरगुती की व्यावसायिक? होमस्टेच्या सुरक्षेमागचा जुना घोळ

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला. पुढच्याच जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मालवण-तारकर्लीकडच्या घरांतल्या रिकाम्या खोल्यांना भाडे येऊ लागले. पाटी बहुतेकांच्या दारावर नव्हती, ओळखीतून ओळख निघायची. घरची माणसे माजघरात सरकायची आणि पाहुणे पडवीलगतच्या खोलीत उतरायचे. विहिरीचे पाणी सगळ्यांना एकच आणि आंघोळीला तांब्याचा बंब. आम्हाला चालते ते पाहुण्यालाही चालेल, एवढाच तेव्हाचा सुरक्षेचा नियम. आठवड्याला दोन कुटुंबे येत होती तोवर तो पुरलाही.

कायदे त्याआधीही होते. 1867 च्या सराय कायद्यात सरायवाल्याने विहिरी आणि मोऱ्या साफ ठेवाव्यात, संसर्गजन्य रोगाने कुणी आजारी पडला तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावे, अशी कलमे होती. ज्यांवरून चोर आत येऊ शकेल अशा झाडाच्या फांद्या तोडाव्यात, हेही त्यात होते! दंड वीस रुपयांपर्यंत. पुढे 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने लॉज आणि राहण्याच्या हॉटेलांना व्याख्येतच ‘सार्वजनिक करमणुकीच्या जागां’मध्ये बसवले. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती ‘सी फॉर्म’ भरून सरकारला कळवायची, हा त्याच नजरेचा नियम होता. रात्री इथे कोण झोपले, हे सरकारला हवे होते. आग लागली तर झोपलेला माणूस बाहेर कुठून पडेल, हा प्रश्न बराच उशिरा आला.

आला तोही पर्यटनाच्या वाटेने नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा, अंमल डिसेंबर 2008 पासून. आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी ठरली. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र घ्यायचे, तोच तो ‘नमुना ब’. अन्नसुरक्षेचा कायदाही 2006 चाच, पण नोंदणीचे नियम 2011 मध्ये लागू झाले. त्यांत बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणी मिळू लागली. म्हणजे सोलकढी आणि माशाचे ताट देणारी काकूही ‘अन्न व्यावसायिक’ झाली. खोलीचे मात्र एवढे सरळ नव्हते.

खरा गुंता एका शब्दाचा आहे: ‘घरगुती’.

केंद्राची निवास-न्याहारी योजना आली तेव्हा तिचा पायाच असा होता की हे घर आहे, हॉटेल नाही. एक ते सहा खोल्या, फार तर बारा खाटा आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहायचे. दिल्लीने तर त्यासाठी 2007 मध्ये वेगळा कायदाच केला. व्यवसाय मानायचे नाही म्हणजे वीज आणि घरपट्टी घरगुती दराने, हे सवलतीचे तर्कशास्त्र. कोकणातल्या घरमालकाला विचारा, त्याचा पहिला प्रश्न आजही मीटरचाच असतो. त्याचे चुकत नाही. मे महिना, दिवाळी आणि नाताळ सोडला तर खोल्या रिकाम्याच असतात, त्यावर व्यावसायिक दर कोण भरणार? पण दरासाठी वापरलेला शब्द हळूहळू जबाबदारीलाही लागू झाला. ‘आमचे घरगुती आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आम्हाला ते नियम नाहीत’ असा होऊन बसला.

ग्राहक कायद्याला हा फरक दिसतच नाही. 1986 पासून ‘सेवे’च्या व्याख्येत निवास आणि भोजन नावानिशी आहे, 2019 च्या नव्या कायद्यातही. पैसे घेऊन खोली दिली की पाहुणा ग्राहक झाला, मीटर कुठलाही असो. राष्ट्रीय बांधकाम संहितेचे आणखी वेगळे. भाड्याच्या खोल्यांचे घर तिच्या लेखी निराळ्या वर्गात मोडते, पण एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसांना जागा दिली नाही तर ते साध्या घराच्याच वर्गात राहते. आता मे महिन्यातली खोली डोळ्यांसमोर आणा. डबल बेडवर आईवडील आणि एक मूल, खाली जमिनीवर दोन जादा गाद्या, दारापाशी बॅगा. गादीमागे दोन-तीनशे रुपये सुटतात. त्या दोन गाद्यांनी घराचा वर्ग बदलला, हे ना घेणाऱ्याला ठाऊक ना देणाऱ्याला. संहिता मुळात शिफारसवजा असल्याने ते सांगायलाही कुणी येत नाही.

मधल्या काळात बंब गेला आणि गॅस गिझर आला. अशी एक न्हाणी मी पाहिली आहे: पाच बाय चार फूट, गिझर आत, सिलिंडर दाराबाहेर, आणि डास येतात म्हणून झरोक्याला प्लायवूड ठोकलेले. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. घरचा माणूस पाच मिनिटांत बादली आटोपून बाहेर येतो. पाहुणे चौघे लागोपाठ जातात, आतून कडी लावतात. घरी कधी काही झाले नाही म्हणून पाहुण्यालाही होणार नाही, हा हिशेब इथेच चुकतो. आणि या बंबाऐवजी दुसरा, लाल बंब लागलाच, तर तो तालुक्याहून यायचा.

2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडले, फक्त सूचना पुरे. 2020 मध्ये राज्याने आदरातिथ्य व्यवसायाचे परवाने सत्तरवरून दहावर आणले. मोठ्या हॉटेलांचा जाच त्याने कमी झाला, बरेच झाले. लहानांकडे मुळात परवानेच थोडे, त्यामुळे त्यांच्या दारी निरीक्षक येण्याची उरलीसुरली कारणेही आटली, याची चर्चा फारशी झाली नाही. करोनाकाळात थर्मामीटर आणि सॅनिटायझर आले, दोन हंगामांनी फडताळात गेले.

त्याच सुमारास ऑनलाइन बुकिंगने ‘मालक तिथेच राहील’ ही मूळ अट पोकळ केली. लोणावळा आणि अलिबागकडचे अख्खे बंगले, मालक मुंबईत, जागेवर एक केअरटेकर. तो पंप चालू करतो, कोंबडी आणून देतो, रात्री गेट लावून घरी जातो. पोहण्याच्या तलावाच्या कडेला पाणी किती खोल ते लिहिलेले नसते, पाटी मात्र असते: ‘पोहणे स्वतःच्या जबाबदारीवर’. अशा पाट्यांवर मालकांचा फार भरवसा. हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ‘मालकाच्या जोखमीवर’ अशी छापील ओळ हॉटेलला निष्काळजीपणातून सोडवू शकत नाही, असे म्हटले. तो निकाल गाडीपुरता होता. तलावाच्या पाट्या तशाच आहेत.