एनएचएससीची कर्जफेड आणि पीएसएलएफची कर्जमाफी: एक नव्हे, दोन योजना

अमेरिकेत कुणाची मुलगी मेडिकलला किंवा डेंटलला लागली, की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘कर्जाची काळजी कशाला करता? आडगावात दोन वर्षं काढली की सरकार सगळं माफ करतं.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या एका वाक्यात दोन निरनिराळ्या योजना शिवलेल्या असतात. आडगाव आणि दोन वर्षं हा भाग एनएचएससीचा, म्हणजे डॉक्टरांची वानवा असलेल्या जागी काम करणाऱ्यांच्या कर्जफेडीचा. ‘सगळं माफ’ हा भाग पीएसएलएफचा, म्हणजे सरकारी आणि ना-नफा नोकऱ्यांतल्यांच्या कर्जमाफीचा. पहिलीत कर्ज सगळं फिटेलच असं नाही. दुसरीत आडगावाची अटच नाही आणि तिला दोन नव्हे, किमान दहा वर्षं लागतात.

आधी एनएचएससी, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर. १९७० च्या कायद्यातून ती उभी राहिली आणि आज केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातली एचआरएसए ही संस्था ती चालवते. तिच्या कर्जफेड योजनेत सरकार तुमच्याशी करार करतं: डॉक्टरांची वानवा असलेल्या ठिकाणी, आम्ही मान्यता दिलेल्या दवाखान्यात दोन वर्षं पूर्णवेळ काम करा, आम्ही कर्ज फेडायला पैसे देतो. २०२४ पासून प्राथमिक उपचार करणारे डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट यांच्यासाठी ही रक्कम जास्तीत जास्त ७५ हजार डॉलर आहे. दंतवैद्य आणि मानसिक आरोग्यात काम करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत मिळतात. अर्धवेळ काम केलं तर रक्कमही निम्मी. दोन वर्षं संपल्यावर कर्ज उरलं असेल तर एकेक वर्षाने करार वाढवता येतो, मात्र त्या वाढीव वर्षांचे पैसे सुरुवातीपेक्षा कमी असतात.

‘आडगाव’ हा शब्दही इथे जरा फसवाच आहे. वानवा असलेल्या जागांना एचपीएसए म्हणतात, बोलताना सगळे ‘हिप्सा’ म्हणतात. ही हिप्सा मोठ्या शहरातली गरीब वस्ती असू शकते, तुरुंगातला दवाखाना असू शकतो, मूळ अमेरिकन जमातींचं आरोग्य केंद्रही असू शकतं. प्रत्येक जागेला गुण दिलेले असतात: वैद्यकीय आणि मानसिक आरोग्यासाठी २५ पर्यंत, दातांसाठी २६ पर्यंत. गुण जितके जास्त तितकी गरज मोठी. आणि अर्जांची रांग याच गुणांवर लागते. अर्ज वर्षातून एकदाच घेतले जातात, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दिलेला निधी ठरलेला असतो आणि तो वरच्या गुणांपासून वाटत खाली येतो. म्हणजे पात्र असूनही नंबर न लागणं अगदी शक्य आहे. नोकरी शोधताना ‘तुमचा दवाखाना एनएचएससीच्या यादीत आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, माझ्या शाखेसाठी त्याचे गुण किती, हेही विचारायला हवं. एकाच इमारतीत डॉक्टरचे गुण वेगळे आणि दंतवैद्याचे वेगळे असतात. सरकारच्या हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर या संकेतस्थळावर मान्य दवाखाने आणि त्यांच्याकडच्या जागा दिसतात.

या योजनेची सगळ्यात आकर्षक बाजू हीच की पैसे आधी मिळतात. करार झाला की रक्कम एकदम खात्यात येते, त्यावर केंद्राचा आयकर नाही. ती कर्जातच भरावी लागते आणि भरल्याचे पुरावे द्यावे लागतात. आणि तिची सगळ्यात अवघड बाजूही इथूनच सुरू होते. एखाद्या डॉक्टरने ७५ हजार घेतले, एक वर्ष प्रामाणिकपणे काम केलं आणि मग घरच्या अडचणीमुळे, न विचारता, नोकरी सोडली. सरकारला परत काय द्यायचं? बहुतेकांना वाटतं, उरलेल्या वर्षाचे साडेसदतीस हजार. ते तर द्यायचेच. त्यावर न केलेल्या प्रत्येक महिन्यामागे साडेसात हजार डॉलर, म्हणजे बारा महिन्यांचे ९० हजार. एकूण १ लाख २७ हजार ५००, वर व्याज. अर्धं काम करून मूळ रकमेच्या पावणेदोन पटींहून थोडं कमी देणं अंगावर येतं. हिशेब यापेक्षा कमी आला तरी ३१ हजारांच्या खाली ही रक्कम उतरत नाही. दुसऱ्या मान्य दवाखान्यात बदली होऊ शकते, आजारपणात सेवा काही काळ थांबवताही येते, पण दोन्हींसाठी आधी लेखी परवानगी हवी. मालकाशी पटलं नाही म्हणून राजीनामा देऊन मग कळवलं, तर तो करारभंग धरला जाऊ शकतो. सही करण्याआधी हे कलम नवरा-बायको दोघांनी वाचावं असं मी सांगेन, कारण करार एकाचा असला तरी दोन वर्षं एका जागी बांधलं जातं ते सगळं घर.

पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, हे प्रकरण मुळातच निराळं. तिचा आरोग्य खात्याशी संबंध नाही, ती शिक्षण खात्याची. २००७ च्या कायद्याने ती आली आणि ती फक्त डॉक्टर-नर्सांसाठी नाही. शाळेतला शिक्षक, सरकारी वकील, इस्पितळातला हिशेबनीस, सगळे तिच्यात बसतात. अट अशी: केंद्र सरकारचं डायरेक्ट लोन असावं, मालक सरकारी किंवा ५०१(सी)(३) या कलमाखालची ना-नफा संस्था असावी, आठवड्याला किमान ३० तास काम असावं आणि या अवस्थेत १२० मासिक हप्ते भरलेले असावेत. १२० हप्ते भरून झाले की उरलेलं कर्ज माफ. किती उरलंय याला मर्यादा नाही, आणि माफ झालेल्या रकमेवर केंद्राचा आयकर नाही. इथे कुठलाही करार होत नाही. नोकरी कधीही सोडा, दंड नाही. भरलेले हप्ते मोजणीत तसेच राहतात आणि पुढे पुन्हा पात्र मालकाकडे लागलात की मोजणी तिथून पुढे सुरू होते. स्पर्धा नाही, कोटा नाही, हिप्साचे गुण नाहीत.

डॉक्टरांसाठी यातला खरा लाभ रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतर इस्पितळात घ्यायच्या प्रशिक्षणाचा आहे. बहुतेक शिकवणारी इस्पितळं ना-नफा किंवा सरकारी असतात, आणि रेसिडेन्सी म्हणजे पगाराची नोकरीच. हप्ता उत्पन्नावर ठरणारा निवडला, तर रेसिडेंटच्या तुटपुंज्या पगारावर तो लहानच येतो, पण मोजणीत तो पूर्ण हप्ता असतो. फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं म्हणजे ३६ हप्ते तिथेच झाले. सर्जरीवाल्यांचे ६० होतात. उलट एनएचएससीत हा काळ धरत नाहीत, तिथे प्रशिक्षण संपवून पूर्ण परवाना हातात असलेला माणूसच चालतो. त्यामुळे पहिल्या पगारापासून पीएसएलएफचे कागद भरायला न लागलेला रेसिडेंट दिसला की मला हळहळ वाटते.

कागद हा पीएसएलएफचा जीवही आहे आणि दुखणंही. दहा वर्षं भरायची म्हणजे पहिले अर्ज २०१७ च्या ऑक्टोबरात आले. पुढच्या वर्षी आकडे बाहेर पडले तेव्हा अर्ज केलेल्या सुमारे २८ हजार कर्जदारांपैकी शंभरही मंजूर झालेले नव्हते. लोक खोटं बोलत नव्हते. कुणाचं कर्ज जुन्या प्रकारचं होतं, सरकारने हमी दिलेलं पण बँकेचं. कुणी भलत्याच परतफेड योजनेत भरत होतं. कुणाचा मालकच पात्र नव्हता. नंतर नियम सैल झाले, जुने हप्ते पुन्हा मोजले गेले आणि आतापर्यंत १० लाखांहून अधिक लोकांची कर्जं माफ झाली आहेत. पण त्या पहिल्या वर्षाची भीती अजून अनेकांच्या मनात आहे, आणि ‘ती योजना नुसती कागदावर आहे’ असं म्हणणारे भेटतात. तसं नाही. योजना चालते, फक्त दरवर्षी मालकाची सही घेऊन मोजणी नोंदवत राहिलेलं बरं.

मालक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इस्पितळाच्या दारावर ना-नफा संस्थेचं नाव असतं, पण इमर्जन्सीतले, भूल देणारे किंवा रेडिओलॉजीचे डॉक्टर अनेकदा एखाद्या खासगी ग्रुपच्या पगारपत्रकावर असतात. काम ना-नफा छताखाली, मालक नफ्याचा. मग हप्ते मोजले जात नाहीत. खात्री करायची ती दारावरच्या पाटीवरून नव्हे, डब्ल्यू-२ या वर्षाच्या पगार-कराच्या कागदावर छापलेल्या ईआयएन, म्हणजे मालकाच्या ओळख क्रमांकावरून. तो क्रमांक स्टुडंटएडच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की मालक पात्र आहे की नाही ते कळतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्यामुळेच अनेक ना-नफा इस्पितळांना डॉक्टर थेट नोकरीवर ठेवता येत नाहीत. अशा डॉक्टरांना जुलै २०२३ च्या नियमाने आत घेतलं, त्याआधी ते बाहेरच होते.

थोडक्यात एनएचएससी तुमची जागा बघते, पीएसएलएफ तुमचा मालक बघते. शहरातल्या नामांकित ना-नफा इस्पितळातला हृदयरोगतज्ज्ञ पीएसएलएफमध्ये बसतो. एनएचएससीत मात्र नाही, कारण तिथली जागाही चालत नाही आणि त्याची शाखाही. दंतवैद्यांचं उलटं. त्यांच्यातले बरेच जण खासगी दवाखान्यांत काम करतात, तिथे पीएसएलएफचा प्रश्नच उद्भवत नाही. पण हिप्सात असलेला, मेडिकेड हा गरिबांचा सरकारी विमा घेणारा, ऐपतीप्रमाणे फी लावणारा खासगी दवाखाना एनएचएससीची मान्यता मिळवू शकतो. ना-नफा कम्युनिटी हेल्थ सेंटरात दोन्ही योजना एकत्र नांदतात, आणि तिथेच नवा घोळ सुरू होतो.

दोन्ही मिळतात तर दोन्ही घ्याव्यात, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण अडीच लाख डॉलरचं सगळं कर्ज केंद्र सरकारचं असलेली डॉक्टर घ्या. रेसिडेन्सी धरून तिचे पाच वर्षांचे हप्ते झालेत, उत्पन्नावर आधारित योजनेत ती आहे आणि पुढची पाच वर्षं त्याच केंद्रात राहायचं तिने पक्कं केलंय. तिला एनएचएससीचे ७५ हजार मिळाले आणि तिने ते मुद्दलात भरले. तिचा मासिक हप्ता कमी झाला का? नाही, तो उत्पन्नावर ठरतो, शिल्लक कर्जावर नाही. मग कमी काय झालं? पाच वर्षांनी जी रक्कम एरवीही माफ होणार होती, ती. म्हणजे एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याचा भार उचलला, आणि तिने मात्र साडेसात हजारांच्या दंडाचं कलम फुकट अंगावर घेतलं.

तिचं काही कर्ज खासगी बँकेचं असेल तर चित्र पालटतं. पीएसएलएफ खासगी कर्जाला हातही लावत नाही. एनएचएससीला मात्र शिक्षणासाठी काढलेलं खासगी कर्जही चालतं. तेव्हा ते पैसे खासगी कर्जात घालावेत आणि सरकारी कर्ज दहा वर्षांच्या माफीसाठी राहू द्यावं. दहा वर्षं या प्रकारच्या नोकरीत टिकू याची खात्री नसलेल्यांनाही एनएचएससीचे पैसे खरेच फायद्याचे, कारण ते आज हातात असतात. ज्याला पुढे स्वतःचा दवाखाना टाकायचाय त्याने पीएसएलएफच्या नादी लागण्यात फार अर्थ नाही.

खासगी कर्जाचा हा मुद्दा इथून पुढे वाढतच जाणार. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केलं, आणि डॉक्टर-दंतवैद्यांसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर अशी मर्यादा घातली. महागड्या कॉलेजांचा खर्च त्यात भागत नाही. वरचे पैसे खासगी बँकेकडून आले, तर तेवढा भाग पीएसएलएफच्या कक्षेबाहेर गेला. आज अठराव्या वर्षी डेंटलचा विचार करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी मोठ्या भावंडांचा जुना हिशेब जसाच्या तसा धरू नये.

नर्सांबद्दल थोडं. रजिस्टर्ड नर्स एनएचएससीच्या या मूळ योजनेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी एचआरएसएचीच नर्स कोर योजना आहे. तिच्यात दोन वर्षांच्या सेवेला नर्सिंगच्या कर्जाचे ६० टक्के मिळतात आणि तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के मिळू शकतात. फरक एवढाच, की या पैशांवर आयकर लागतो.

राहिला नागरिकत्वाचा प्रश्न. एनएचएससीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. पीएसएलएफमध्ये नागरिकत्वाची वेगळी अट नाही, पण सरकारी डायरेक्ट लोन मिळालेलं असावं लागतं, आणि ते ग्रीन कार्डवाल्याला मिळतं, एच-वन-बीवाल्याला नाही. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज पीएसएलएफला चालत नाही. म्हणून भारतातून एमबीबीएस करून आलेला, जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी केलेला भाचा एखाद्या छोट्या गावात तीन वर्षं काम करतोय असं कळलं, तर ‘चला, त्याचं कर्ज सुटलं’ असं समजू नये. तो बहुधा कॉनराड ३० या व्हिसा-सवलतीच्या योजनेत असतो. तिच्यात प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात. डॉक्टरने तीन वर्षं वानवा असलेल्या भागात काम करायचं आणि बदल्यात जे-वन व्हिसाच्या, दोन वर्षं मायदेशी परतायच्या अटीतून त्याची सुटका होते. सवलत व्हिसाची आहे, कर्जाचे हप्ते त्याला त्याच्या पगारातूनच भरायचे आहेत.